पट्टीला न दिसलेली साखर

माझं नाव सुमन, माहेर वणीकडचं, सासर इथं विंचूरच्या जवळ, दहावीला बसले अन् गणितात गेले, त्याच वर्षी लग्न झालं, म्हंजे शिक्षण म्हणाल तर तेवढंच. माहेरी द्राक्षं, सासरीबी द्राक्षंच, पण ती खायची. वाइनची द्राक्षं वेगळी, बारीक, जाड सालीची, बियांची, ती मी कंपनीत गेल्यावर बघितली. अन् भित्री म्हणाल तर मी लहानपणापासूनच भित्री, हे आधीच सांगून ठेवते, कुत्र्याला भ्यायची, विहिरीत वाकून बघायला भ्यायची, मास्तरांना तर भ्यायचीच, पण ते भेव यायचं अन् जायचं. आता जे हाय ते जात नाय. तेच सांगायला मी तुम्हाला या म्हणाले, नाय तर माझ्या जन्मात लिहून ठेवण्यासारखं काय हाय. माझी धाकटी जाऊ रंजना, तिच्या डोळ्याला जे झालं ते माझ्यामुळं झालं, अन् तिला ते माहीत नाय. दोन वर्षं झाली. आता पहिल्यापासून सांगते, मधी थांबवू नका, थांबले तर पुढं बोलणं व्हायचं नाय माझ्याच्यानं.

कंपनीचं नाव लिहू नका. मी तिथं लागले ती झाडलोटीला, टाक्या धुवायच्या, पाइप धुवायचे, फरशी घासायची. वाइन बनवणाऱ्या मॅडम होत्या, नाशिकच्या, माझ्या पोरीएवढ्या असतील, पण लय हुशार. त्यांनी बघितलं की ही बाई काचेचं भांडं कधी फोडत नाय, नळीवरचा आकडा बरोबर वाचती, मंग त्यांनी मला त्यांच्या लॅबमधी घेतलं. सुमनताई, तुम्ही चाखायलाही शिका, म्हणाल्या. मी म्हणलं, मॅडम, देवीचं घर आमचं, सासूबाई मला घरात घ्यायच्या नाय. त्या हसल्या, म्हणाल्या, घोट तोंडात फिरवायचा अन् थुंकायचा, पोटात जाऊ द्यायचा नाही. झालं, शिकले. घरी सांगितलं की मी नळ्या धुते. कितीतरी वर्षं ते भेव होतं की सासूबाईंना वास येईल, म्हणून कंपनीतून निघताना बडीशेप चावायची, रोज.

आता तुम्हाला ड्राय अन् स्वीट सांगते, त्याच्याबिगर पुढचं कळायचं नाय. कंपनी बघायला येणारी माणसं इचारतात, स्वीटमधी किती साखर टाकता हो? एक चमचा बी टाकत नाय. साखर द्राक्षाचीच. रस टाकीत घातला की त्यात यीस्ट सोडायचं, ते जिवंत असतं, ते साखर खातं, अन् खाल्लेल्याची दारू करतं अन् गॅस करतं. त्याला सगळी साखर खाऊ दिली की ड्राय. अर्ध्यात टाकी गार करून त्याला थांबवलं, थोडी साखर उरू दिली की स्वीट. ड्राय म्हंजे कोरडी, जिभेच्या शेंड्याला काहीच लागत नाय, गालाच्या आतून आंबट पाणी सुटतं अन् तोंड स्वच्छ होतं. स्वीट शेंड्यावर बसून राहती. पण वास फसवतो, मॅडम म्हणायच्या, पेरू-अननसाचा वास आला की कोरडीबी गोड वाटती, म्हणून नाक दाबून चाखायचं, नाक दाबल्यावर जे गोड तेच खरं गोड.

अन् अजून एक. ड्राय बाटलीत भरताना लय बारीक गाळत नायत, त्यात एखादं यीस्ट राहिलं तरी त्याला खायला काय नाय, बसतं गप. स्वीटला मात्र एकदम बारीक गाळायचं, कारण त्यात एक जरी जिवंत राहिलं तरी ते बाटलीत बसून उरलेली साखर खातं, गॅस करतं, अन् वरून टोपण घट्ट, गॅस जाणार कुठं? हे मॅडमनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. म्हंजे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाय.

दोन वर्षांमागं एका पांढऱ्या वाइनची टाकी ड्रायला लावली होती. होत आली होती. नळीत तरंगणारा साखर मोजायचा काटा पार खाली गेलेला, पण शेवटची थोडीशी साखर काट्याला कळत नाय, त्याला औषध घालून तपासणी करावी लागती, अन् ते औषध संपलेलं, मुंबईहून यायचं होतं, अन् मॅडम तापानं घरी पडलेल्या. त्यांचा फोन आला, सुमनताई, टेस्ट झाली का? टाकी रिकामी करायची आहे, पुढची द्राक्षं दारात उभी आहेत. मी म्हणलं, करते मॅडम. आता बघा माझं डोकं. आमच्या सासूबाईंना शुगर हाय, बोटाला सुई टोचू देत नायत, म्हणून डॉक्टरनी लघवी बघायच्या पट्ट्या दिल्यात, पट्टी बुडवायची, साखर असली की रंग बदलतो. मॅडमच एकदा म्हणाल्या होत्या की पूर्वी मधुमेहवाल्यांच्या गोळीनं वाइन तपासायचे. मला वाटलं साखर ती साखर, सासूबाईंची काय अन् टाकीची काय. दुसऱ्या दिवशी घरून दोन कोऱ्या पट्ट्या पदरात बांधून नेल्या. बुडवली. रंग बदलला नाय. दुसरी बुडवली. नाय बदलला.

मंग मी चाखलं. नाक दाबून चाखलं. अन् काय सांगू तुम्हाला, शेंड्यावर गोड लागलं. जरासंच, पण लागलं. परत चाखलं, परत लागलं. मी तिथं टाकीपाशी उभी, एका हातात पट्टी, तोंडात ती गोडी, अन् मला वाटलं, मी कोण, दहावी नापास बाई, माझी जीभ खरी की डॉक्टरची पट्टी खरी? वहीत लिहिलं शून्य. फोनवर सांगितलं, मॅडम, शून्य. कशानं तपासलं ते त्यांनी इचारलं नाय अन् मी सांगितलं नाय.

पुढं एप्रिलमधी ती वाइन ड्राय म्हणून, बारीक न गाळताच, बाटल्यांत भरली. माझी जाऊ रंजना तेव्हा लेबल लावायला होती, मीच लावलेली तिला तिथं, दीर चांगला हाय पण घरात बसून तिचा जीव उबून जायचा, म्हणून मी मॅडमला सांगून घेतली. हसरी पोर, दिवसभर बाटल्यांच्या मधी बसायची अन् गाणी म्हणायची.

मे महिन्यात एक दिवस मॅडम पाहुण्यांना कंपनी दाखवत होत्या, मी पेले धुवत मागं उभी. मॅडम सांगत होत्या, द्राक्षात दोन साखरा असतात, एक ग्लुकोज, ती यीस्टला आवडते, ती आधी संपवतं, अन् दुसरी फळाची साखर, ती शेवटी उरते, अन् गंमत म्हणजे तीच जास्त गोड असते. पाहुणे माना हलवत होते. माझ्या हातातला पेला तसाच राहिला. त्या पट्टीच्या डबीवर मी रोज बघायचे, इंग्रजीत ग्लुकोज लिहिलेलं.

घरी गेले, चप्पल काढली न काढली, स्वयंपाकघरात जाऊन पेल्यात पाणी घेतलं, दोन चमचे साखर घातली, आपली चहाची साखर, ढवळली, अन् त्यात सासूबाईंची पट्टी बुडवली. पट्टी होती तशीच. अजून चार चमचे घातले, पाक झाला पार, दुसरी पट्टी बुडवली, तशीच. सासूबाई दारात उभ्या, म्हणाल्या, सुमन, माझ्या पट्ट्या कशाला खराब करतीस गं? मी डबीवरचं ग्लुकोज परत वाचलं. ती पट्टी एकच साखर ओळखत होती, अन् टाकीत उरलेली दुसरी होती. माझी जीभ बरोबर होती.

तेव्हापासून जे भेव लागलं ते कसं सांगू. गोडाऊनमधी बाटल्यांच्या थप्प्या, मे महिन्याचं ऊन, पत्रा तापलेला, गार करायचं मशीन लाइट गेली की बंद पडायचं, अन् आत प्रत्येक बाटलीत ते खातंय. बुच असतं तर वर आलेलं दिसलं असतं, ह्या बाटल्यांना फिरकीचं टोपण, काय कळत नाय. मी काही ना काही कारण काढून आत जायचे, बाटली उजेडाला धरायचे, तळाला धूर साठल्यागत गढूळ दिसायचं, मानेपाशी बारीक बारीक बुडबुडे. टोपणावरून बोट फिरवलं की कुठं कुठं माथा वर आलेला लागायचा. मी ती बाटली हळूच ठेवायचे, श्वास धरून. अन् पलीकडं रंजना गाणं म्हणत लेबल लावतीय. मी तिला म्हणायचे, तू टाक्यांकडं ये, इथं कशाला बसतीस, डोळ्याला चष्मा लाव. ती म्हणायची, ताई, तुम्ही पण ना, बाटल्यांना काय खाऊन टाकायचंय मला?

आठ दिवस. आठ दिवस मी बोलले नाय. रोज सकाळी ठरवायचे, आज मॅडमला सांगते, अन् मॅडम समोर आल्या की पेले धुवायला वळायचे. आपलं काम जाईल, रंजनाचं जाईल, घरी कळेल मी काय चाखत होते, सगळी बाटल्यांची लॉट माझ्या डोक्यावर, हेच. अन् एक वाटायचं, ते सांगायला लाज वाटती, पण सांगते, वाटायचं की फुटणारच नाय, लवकर विकली जाईल, कुणाच्या तरी घरी जाईल, मग मला कळायचं बी नाय.

नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या आधी आवाज आला. मी लॅबमधी होते. आवाज ऐकून मला कळलं, बाकीच्यांना वाटलं ट्यूबलाइट फुटली. पळत गेले तर रंजना खाली बसलेली, दोन्ही हात तोंडावर, बोटांच्या मधून रक्त, अन् वाइनचा वास, तोच अननसाचा. ती म्हणत होती, माझ्या हातून आपटली का हो ताई, मी तर हळूच ठेवली. सुपरवायझर म्हणला, हळू ठेवत नाय म्हणून फुटती, उद्यापासून हिला नका आणू. मी तिला गाडीत घालून नाशिकला नेलं, मांडीवर डोकं घेऊन. भुवईपासून पापणीपर्यंत काच गेलेली. डॉक्टर म्हणाले, डोळा वाचला, अगदी थोडक्यात वाचला.

दवाखान्यातूनच मॅडमला फोन केला. सगळं सांगितलं, पट्टी, शून्य, साखरेचं पाणी, आठ दिवस.  मॅडमनी एवढंच इचारलं, तुमची जीभ काय म्हणत होती, सुमनताई? मी म्हणलं, गोड. त्या म्हणाल्या, मग ते का नाही लिहिलं? 

मॅडमनी गोडाऊन त्याच दिवशी रिकामं करून घेतलं, बाटल्या गार खोलीत नेल्या, गारठ्यात गॅस शांत होतो. वर मालकांना त्यांनी सांगितलं की तपासणी माझी जबाबदारी, कशानं केली ते मी विचारायला हवं होतं. माझं नाव पुढं केलं नाय. पण मला बसवून म्हणाल्या, रंजनाताईंना मी सांगणार नाही, ते तुमचं काम आहे. अन् मग ती सगळी लॉट उघडून परत टाकीत ओतायची होती. मी म्हणलं, मी उघडते. जाड हातमोजे, तोंडावर काच, बाटलीभोवती टॉवेल, एकेक टोपण फिरवायचं, फिस्स करून दम सुटायचा. किती दिवस तेच केलं. टाकीत पुन्हा यीस्टनं उरलेली साखर खाल्ली, पुरती खाल्ली, अन् ती खरोखर ड्राय झाली. मी नाक दाबून चाखलं. काही लागलं नाय.

रंजना परत कामावर गेली नाय. तिला एवढंच सांगितलंय की लॉटमधी गॅस झाला होता, तुझी चूक नव्हती. तिनं इचारलंबी नाय की गॅस कशानं झाला. उलट गल्लीत सगळ्यांना सांगती, माझ्या ताईनं मला मांडीवर नेलं, माझ्या डोळ्यासाठी देवीच्या गडावर नवस बोलली, सख्खी बहीण करणार नाय एवढं केलं. नवस फेडायला आम्ही दोघी पायऱ्या चढलो, ती पुढं अन् मी मागं, अन् वर देवीसमोर ती हात जोडून म्हणली, माझ्या ताईला सुखी ठेव. मला त्या वेळी जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्या डोळ्याची पापणी पुरती मिटत नाय. दुपारी ओसरीवर झोपली की तो डोळा अर्धा उघडा राहतो. गाढ झोपलेली असती, घोरती, पण तो डोळा उघडा. मी धान्य निवडत बसलेली असते अन् मला वाटतं ती बघतीय. मी उठून आत जाते. दोन वर्षं दुपारी मी ओसरीवर टिकून बसलेली नाय.

कंपनीत मी अजून हाय. मॅडम आता नळी बघायच्या आधी मला इचारतात, जीभ काय म्हणते? मी सांगते, गोड तर गोड, कोरडी तर कोरडी, आकडा काही का येईना. तिथं मी भीत नाय आता. घरी भिते. ती कळल्यावर रडली, भांडली, तिनं वेगळी चूल केली, तर मी सोसेन. पण ती जर म्हणली, जाऊ द्या ताई, होतं असं, तर मी काय करू, ह्याचं मला सगळ्यात जास्त भेव वाटतं.

तुमचं भलं होवो बाई, तुम्ही ऐकून घेतलं, मधी तोंडबी वाकडं केलं नाय. आता एक ऐका, एवढ्यात उठू नका. तुमच्या पुस्तकात वाचून तिला कळलं तर ते वाईट, ते माझ्याकडून कळलं पाहिजे, अन् तुम्ही गेलात की मला धीर व्हायचा नाय, मला माहितीय मी कशी हाय ते. ते बघा, मळ्यातून आलीच ती. तुम्ही बसा फक्त, बोलू नका काही. रंजना, अगं इकडं ये. चहाचं राहू दे. हातपाय नंतर धू. इथं बस माझ्यासमोर.