लमाणिणीचं वळण

ऐका. ती फाटी आत सारा, धूर येतोय. आणि मोबाइल खिशात ठेवा. रविवारी तुम्ही पोरंपोरी पहिल्यांदा पाहुणे घेऊन बैलदऱ्यात उतरणार, त्याआधी हे तुमच्या कानावर पडलंच पाहिजे. गेणूआजा, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. तुम्ही ही गोष्ट सांगता तेव्हा भूत वाईट असतं आणि आपली वाडी बिचारी असते. आज मी सांगणार.

तिकडे कोपऱ्यात लहानूमामा बसलाय. माझा सख्खा मामा, या घाटाचा पहिला गाइड. बघू नका त्याच्याकडे. त्यानेच मला म्हटलं, "कावेरे, तू सांग. माझ्या तोंडून निघत न्हाई."

तर ऐका. गेल्या पौषातली पौर्णिमा. अंधार पडला आणि मामा निघाला. मागे आठ-नऊ पाहुणे, सगळे पुण्याचे. कार्यक्रमाचं नाव 'चांदण्यातला तांडा'. प्रत्येकाच्या डोक्याला भाड्याचं पागोटं, हातात कंदील, आणि पुढे मामा, हातात बैलाची घंटा. बैल नाही हं, नुसती घंटा! हल्लीचा बैल त्या पायऱ्या उतरत नाही म्हणून घंटा मामाच वाजवत जायचा.

हसू नका. पाहुणे खूश असायचे. आणि मामा सांगायचा त्यातलं बरंचसं खरंही होतं. कोकणातलं मीठ याच घाटाने वर यायचं, वरचं धान्य खाली जायचं. लमाणांचे तांडे, शेकडो बैल. कातळात कोरलेल्या पायऱ्या, खुरांनी झिजलेल्या. खाली पाण्याचं टाकं. हे सगळं तो नीट दाखवायचा. पायरीवर हात फिरवायला लावायचा. कुणी विचारलं, "काका, अंधारात वाट चुकत नाही ना?" तर म्हणायचा, "डोळ्यांला पट्टी बांधा, मग बी टाक्यावर नेऊन सोडतो."

मग यायचं ते वळण. डावीकडे कडा, उजवीकडे दरी, आणि मध्ये दगडांचा ढीग, कमरेएवढा. लमाणीण म्हणतात त्याला. आपल्यातलं कुणीही तिथून गेलं की एक दगड उचलतं आणि मारतं. का मारतं?

"आमचे वडील मारायचे, म्हणून आमी."

बोललातच ना, गेणूआजा! आणि वडील का मारायचे? विचारलंत कधी?

"वडलांला असलं कोन विचारतं, पोरी?"

ऐकलंत? कुणी नाही विचारलं. ती कोण, कधी मेली, कशाने मेली, काही माहीत नाही. दगड मात्र चालू. पण पाहुण्यांना नुसता ढीग दाखवून भागत नाही, त्यांना गोष्ट लागते. मग मामाने गोष्ट केली. म्हणे, ती तांड्यातली चेटकीण होती. तिने नजर टाकली आणि बैल पिसाळून दरीत पडले. मग तांड्यानेच तिला इथे दगडांनी ठेचलं. आता प्रत्येकाने एकेक दगड घ्यायचा, जोरात मारायचा आणि ओरडायचं, "हट, चेटकिणी!"

त्या रात्रीही ओरडले. दरीतून आवाज परत आला, त्यालाच टाळ्या. एक पोरगा होता, तन्मय नावाचा, त्याने पांढरीशुभ्र गारगोटी शोधून काढली, व्हिडिओत उठून दिसावी म्हणून. एकदा मारली, नीट बसली नाही. उचलून पुन्हा मारली. मामा म्हणाला, "शाब्बास! आता लागली बघा!"

हे लक्षात ठेवा. "आता लागली" म्हणाला.

खाली टाक्यावर जेवणं झाली. पिठलं, भाकरी, ठेचा. मग सगळे परत वर निघाले. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. थोडं चढून गेले, तर पायरीवर एक बाई बसलेली. बाजूला पाटी, हातात चुंबळ, पदर कपाळाच्याही खाली ओढलेला.

"दादा, जरा हात लावता का?"

आता डोक्यावर ओझं घ्यायला कुणी हात लाव म्हटलं, तर आपण थांबतो. कोण, कुठली, विचारत नाही. मामाला वाटलं खालच्या पाड्यावरची असेल, लग्नाबिग्नाला निघाली असेल. त्याने पाटीला हात लावला. अरे बापरे! दोन्ही हातांनी उचलेना. पाटीवर फडकं झाकलेलं. तिने मात्र मान ताठ करून सहज घेतली. हात वर गेले तसा बांगड्यांचा आवाज झाला. काचेचा नव्हे, जाड, हाडावर हाड आपटल्यासारखा. मामाने ऐकला. आणि सोडून दिला.

ती त्याच्या शेजारून चालू लागली. धाप नाही, काही नाही.

"कोण ही माणसं?"

"पाव्हणे. पुण्याचे. जुन्या तांड्याची वाट बघाया आलेत."

"तुम्ही काय दाखवता त्यांना?"

मामा खुलला! पायऱ्या सांगितल्या, मीठ सांगितलं, टाकं सांगितलं. आणि मग वळणावरची चेटकीण सांगितली, अगदी रंगवून.

बाई म्हणाली, "बैल तिनेच पाडले, हे कुणी पाहिलं?"

"तांड्यानं पायलं की."

इतकं बोलला आणि पाठीवरची सॅक जड झाली. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या होत्या त्यात!

"कशी होती दिसायला?"

"काळी. डोळे असे बटबटीत."

आणखी जड. पट्टे खांद्यात रुतले.

"पोरंबाळं होती तिला?"

"चेटकिणीला कसली पोरं? खाल्ली असतील तिनं!"

मागे पाहुणे हसले. बाई हसली नाही. आणि मामाचे गुडघे वाकले. खरंच वाकले.

तेवढ्यात मागून एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लहानूकाका, हे टाकं आपण मघाशी पाहिलं ना?"

मामाने कंदील वर केला. समोर टाकं! चुलीतले निखारे अजून लाल. इतका वेळ चढले आणि पोचले खालीच. चकवा, दुसरं काय! मामाला ते कळलं. पण पाहुण्यांसमोर कबूल कसं करणार? म्हणाला, "मुद्दाम आनलं. चांदन्यात परत एकदा बघा."

सॅक आणखी जड!

पुन्हा चढले. या वेळी मामा एकेक पायरी हाताने चाचपत गेला. वळणाच्या अलीकडचा कडा लागला, वळणही आलं. पण ढीग कमरेएवढा होता तो गुडघ्याएवढा झालेला. पुढे गेले, पुढे गेले, आणि परत टाकं. कुणी रडायला लागलं. कुणी मोबाइल उंच धरून रेंज शोधायला लागलं. तन्मय म्हणाला, "काका, हा पण शोचा भाग आहे का? असला तर पुरे आता!" तिसऱ्यांदा चढले. वळण आलं. आणि ढीग नाही! दगडसुद्धा नाही. नुसता गुळगुळीत कातळ.

आणि खुणेचा ढीगच नसला तर वळायचं कुठे? मामा सरळ गेला. मागे कंदिलांची रांग, सगळे त्याच्या भरवशावर. एक पाऊल. दुसरं पाऊल. तिसरं टाकलं, तर खाली काहीच नाही!

तो मागे पडला म्हणून वाचला. घंटा हातातून सुटली. गेली खाली. वाजत गेली, वाजत गेली, मग वाजायचीही थांबली, आणि तळाला आपटल्याचा आवाज आलाच नाही. कड्याच्या टोकावर उभे होते सगळे. मागे वळावं तर पायरी दिसेना. कंदील एकेक करून विझले.

बाईने पाटी खाली ठेवली. आता तिला कुणाचा हात लागला नाही. फडकं काढलं. पाटीत दगड. सगळ्यांत वर तन्मयची पांढरी गारगोटी.

तिने पदर मागे सारला. चांदण्यात सगळ्यांनी पाहिलं. दंडापर्यंत पांढरे चुडे, अंगावर आरशांची चोळी. आणि कपाळाला खोक. ताजी.

"घ्या," ती म्हणाली. "समोर उभी आहे. मारा."

कुणाचा हात उचलला नाही. तन्मय तर खालीच बसला.

"मघाशी मारलात ना? मग आता काय झालं?" ती एक पाऊल पुढे आली. सगळे मागे सरकले. मागे दरी! एका बाईंच्या टाचेखालची माती सुटली, डॉक्टरीणबाईंनी त्यांना दंडाला धरून ओढलं. "एवढंच सांगा. मी काय केलं होतं? सांगा, वाट सोडते."

मामाने तोंड उघडलं. जिभेवर गोष्ट तयारच होती. चेटकीण म्हणून चालत नसेल तर दुसरं काहीतरी! तन्मय खालून कुजबुजला, "काका, देवी होती म्हणा ना! देवी म्हणा, सुटू आपण!" आणि ऐका, मामा ते म्हणणार होता. पोरांनो, तो "देवी" म्हणणारच होता. "दे" ओठांवर आला आणि सॅकने त्याला मागे खेचलं. तो पाठीवर पडला, आणि डोकं कड्याच्या बाहेर. डोक्याखाली वारा.

तेव्हा तो रडला. आठ-नऊ परक्या माणसांसमोर, पुढारी होऊन आलेला माणूस, पाठीवर पडून रडला.

"मला माहीत न्हाई! मीच बनवलं सगळं. तू कोन, काय केलंस, मला ठावं न्हाई. आमच्यात कुणालाच ठावं न्हाई."

"मग मारता कशाला?"

याला उत्तर आहे का तुमच्याकडे? गेणूआजा, तुमच्याकडे आहे?  मामा तसाच पडून राहिला. पाठीवरचं ओझं मात्र कमी झालं, हळूहळू. मग उठला, आणि पाटीतला पहिला दगड दोन्ही हातांनी उचलून त्या कातळावर ठेवला. ठेवला, टाकला नाही. डॉक्टरीणबाई पुढे आल्या, त्यांनी एक ठेवला. मग एकेक करून सगळ्यांनी.  तन्मयला गारगोटी उचलवेना. शेवटी ती त्याने छातीशी धरून आणली. पाटी रिकामी होईपर्यंत पूर्वेला उजाडलं. आणि ढीग पुरा झाला तशी त्याच्या बाजूलाच वरची पायरी दिसली, दोन हातांवर.

बाईने चुंबळ उचलली. चालायला लागली. मामा हात जोडून म्हणाला, "बाई, तुजं नाव तरी सांग. लोकांला खरं सांगीन."

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"आता विचारतोस?"

आणि गेली. नाव सांगितलं नाही.

पाहुणे जिवंत वर आले. कुणी मामाला बोल लावला नाही, निघताना डॉक्टरीणबाईंनी तर त्याच्या पाया पडायला हात खाली नेले. तो पळून गेला. घरात जाऊन गोधडी डोक्यावरून घेतली, आणि चार दिवस आमच्यापैकी कुणाला तोंड दाखवलं नाही.

"मग पोरी, आपन तिथं शेंदूर लावू. बाईला नारळ, निवद दाखवू. शांत हुईल."

नाही, गेणूआजा! हेच नाही करायचं! कालपर्यंत चेटकीण, उद्यापासून देवी, आणि परवा तिथे नारळाची दुकानं? तिने शेंदूर मागितला नाही. तिने एक प्रश्न विचारला. तो तुम्हाला एवढ्या वर्षांत पडला नाही, मला कॉलेज शिकूनही पडला नाही. मला तुमची लाज वाटते म्हणून मी ओरडते, आणि माझी वाटते म्हणून जास्त ओरडते.

तर पोरांनो, त्या वळणावरून पाहुणे न्यायचे नाहीत. दिवसाही नाही, रात्रीही नाही. मामाने वरच्या माळावरून वाट पाडलीय. लांब पडते, सावली नाही. तिथूनच न्या. पाहुणे विचारतील, खालून का नाही? तर सांगा, तिथे एक बाई आहे. आम्ही तिला पिढ्यान्पिढ्या दगड मारले आणि का मारले ते आम्हाला माहीत नाही. सांगताना मान खाली जाईल. जाऊ द्या. पण हसून सांगू नका.

आणि कधी अंधारात वाट चुकून तिथे गेलातच, तर थांबू नका, बोलू नका. दोन्ही हात अंगापासून लांब ठेवा, पंजे उघडे, तिला दुरूनच दिसतील असे.