वाटाण्याएवढी पेस्ट

— नाही, नाही, बोट नको लावूस, खालच्या पिना वाकतात. डबीतच राहू दे तो प्रोसेसर. तू बस त्या स्टुलावर. डुगडुगतं, पण पडत नाही. मालक रोज बसतात त्यावर, आणि मालक तुझ्या दुप्पट आहेत. हां. तर पुन्हा सांग, काय हवंय म्हणालीस? कॉम्प्युटर. सुटे भाग निवडून घरी जोडायचा. बरं. आणि या रस्त्यावरची एवढी दुकानं सोडून तुला नेमकं मी काम करतो तेच सापडलं — योगायोग बघ कसा असतो! अगं आई, निदान बहाणा तरी जरा बरा शोधायचास. गेल्या महिन्यात मामा आला, त्याला माउस हवा होता. त्याच्या घरात कॉम्प्युटरच नाही! माउस घेतला, मग आयुष्य म्हणजे काय ते मला उभ्यानं समजावून सांगितलं आणि जाताना माउस इथंच विसरून गेला. तो बघ, अजून गल्ल्याशेजारी पडलाय. आता तू.

नाही, आधीच सांगून टाकतो म्हणजे तुझे शब्द वाचतील — मी घरी येणार नाहीये. कॉलेजातही जाणार नाहीये. जे सर स्वतः विद्यार्थी असताना लिहिलेल्या वह्या आम्हाला वाचून दाखवतात, आणि वाचता वाचता स्वतःच जांभया देतात, त्यांच्यापुढं मी आणखी बसू शकत नाही. बाबांना म्हणावं, पोरगं जिवंत आहे, वेळेवर जेवतं, दुकानाच्या वरच्या खोलीत झोपतं, आणि कॉलेज सोडणं म्हणजे दरोडा घालणं नव्हे. सांगशील? — नाही सांगणार. तू कधी काही बोलतेस का? त्या दिवशी बाबा माझ्यावर ओरडत होते आणि तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून एकच ताटली पुसत होतीस. पुसून पुसून तिच्यावरची फुलं गेली असतील. मी दार आपटून बाहेर पडलो तरी तुझं पुसणं चालूच. असो. गिऱ्हाईक आहेस तू. गिऱ्हाइकाशी भांडायचं नाही असा मालकांचा नियम आहे. मालक स्वतः भांडतात, ती गोष्ट वेगळी.

तर. कशासाठी हवाय कॉम्प्युटर? कामासाठी. कसलं काम? नुसतंच ‘काम’. बरं — साधा घे मग, हा प्रोसेसर पुरे, दहा वर्षं कुरकुर करणार नाही... ग्राफिक्स कार्ड? वेगळं? आई, फोनवर फोटो उलटा दिसला तर तू मला हाक मारायचीस! आणि रॅम किती म्हणालीस? बत्तीस? हे आकडे कुणी पढवले तुला? — थांब. थांब थांब. हसू नकोस, कळलं मला. हे मशीन माझ्या खोलीत जाणार. माझ्या टेबलावर. आणि मग कुणीतरी सहज फोन करणार, ‘अरे, ते आणून ठेवलंय, एकदा बघून तरी जा.’ मांजराला घरात घ्यायला बशीत दूध ठेवतात, तसं! मामाच्या माउसपेक्षा बरं डोकं चालवलंस, मानलं तुला.

बरं, आता घेतेच आहेस तर नीट घे. हा नको, हा प्रोसेसर घे — महाग आहे, असू दे, बाबांना कळू दे. याला हाच मदरबोर्ड लागतो, दुसऱ्यात बसायचाच नाही. पॉवर सप्लाय गरजेपेक्षा थोडा मोठा — तू नाही का मला शाळेचे बूट एक नंबर मोठे घ्यायचीस, पुढं कापूस कोंबून? तसंच हे, पुढं काही वाढवलं तर पुरायला हवं. कार्ड हे. यावर खेळ असे पळतात की बघत राहावं. आणि कॅबिनेट हे, काचेचं, आत दिवे लागतात, निळे — हो, मला आवडतात, त्यात काय एवढं? टेबलावर डावीकडं ठेवा, उजवीकडं खिडकी आहे, दुपारचं ऊन थेट आत येतं. पडदा अजून तोच आहे का, जहाजांचा? नाही, मी येणार आहे म्हणून नाही सांगत. यंत्राच्या भल्यासाठी सांगतोय. उन्हानं तापतं.

काय? दिवे नकोत? का? — काचेत चमकतात आणि रेषा दिसत नाहीत? कसल्या रेषा?... घरांच्या नकाशांच्या? कुणाच्या घरांच्या?... लोकांच्या. आणि नकाशे काढणार कोण?

तू?

थांब हं, एकेक सांग. क्लासला जातेस. कधीपासून? मी गेल्यापासून. वा! मी कॉलेज सोडलं आणि तू क्लास धरलास — घरात कुणीतरी एकानं शिकत असलंच पाहिजे असा काही कायदा आहे का आपल्याकडं? आणि वर्गातली पोरं काय म्हणतात तुला, काकू?... नावानं? तुला? नावानं हाक मारतात? आई, खरं सांगू, मला क्षणभर आठवावं लागलं तुझं नाव काय ते. — आणि आधीही करायचीस हे? मला कसं माहीत नाही? नकाशे काढायच्या कचेरीत होतीस, शाईच्या पेननं, मोठ्या फळीवर. मग? मग मी झालो. मग सोडलंस. अच्छा, म्हणजे अर्धवट सोडायची खोड मला बाबांकडनं आलेली नाही तर! — आणि त्या फळीचं काय केलंस?... माझ्या गादीखाली? ती? जिच्या कोपऱ्यावर मी गाड्यांची चित्रं चिकटवली होती ती? म्हणजे एवढी वर्षं मी तुझ्या — तरीच पाठ धरायची रोज सकाळी. चेष्टा करतोय. हस की जरा.

आता कुठंय फळी? चार पाय लावले, टेबल झालं तिचं. कुठं ठेवलंस? माझ्या खोलीत. माझ्या खोलीत! मग पलंग?... मामाला? त्याला इथनं माउस नेता आला नाही म्हणून पलंग दिलास का? आणि हे सगळं बाबांना चाललं?... बाबांनी उचलला? कमरेला पट्टा बांधून? आणि बोलले काय? ‘जरा तिरका घे’ — एवढंच? कमाल आहे. मी एक वाक्य बोललो तर घर डोक्यावर घेतलं, आणि तुझ्यासाठी पलंग डोक्यावर घेतला.

म्हणजे समजा मी आलो — येत नाहीये, आपलं विचारायचं म्हणून — समजा आलो, तर झोपायचं कुठं?... बाहेरच्या खोलीत. सतरंजीवर. पाहुण्यासारखं. ठीक आहे. नाही, राग नाही आला. मला कशाला येईल राग? दार मी आपटलं होतं, खोली काय माझी वाट बघत थोडीच बसणार? मी आपलं समजत होतो की तुम्ही दोघं तिकडं, संध्याकाळ झाली की, त्या खोलीचा दिवा — जाऊ दे. काय समजत होतो ते जाऊ दे. पण इतका वेळ झाला बसून आणि तू मला एकदाही ‘घरी चल’ म्हणाली नाहीस, आई. मामा तरी म्हणाला होता.

असो. नकाशांसाठी ना? मग हे सगळं बदलायला लागेल, सरक जरा. हे खेळाचं कार्ड नको, हे दुसरं घे, दिसायला मठ्ठ आहे पण तुझ्या कामाचं आहे. प्रोसेसर राहू दे, रॅम तू म्हणालीस तीच बरोबर आहे — हो, बरोबर आहे, एकदाच म्हणेन. कॅबिनेट हे साधं, बिनदिव्याचं. मॉनिटर मोठा, चकाकी नसलेला. आणि पंखा कमी आवाजाचा, बाबांची दुपारची झोप मोडायला नको. मोडली तरी माझी हरकत नाही.

आता जोडण्याचं. मी येतो — म्हणजे दुकानाकडून, आम्ही सगळ्यांकडं जातो... तू जोडणार? वर्गातल्या मैत्रिणीला घेऊन? व्हिडिओ बघून? आई, हे सुईत दोरा ओवणं नव्हे. हा कूलर बघ, प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो आणि त्याला गार ठेवतो. याच्या बुडाला प्लास्टिकचा पातळ कागद असतो, तो आधी काढायचा. तू काढशील? ज्या घरात टीव्हीचा रिमोट अजून दुकानातल्या पिशवीत आहे, त्या घरात काढशील? त्या कागदासकट लावलास तर प्रोसेसर तापेल आणि मशीन धाडकन बंद पडेल. मग ही पेस्ट, प्रोसेसरची धग कूलरपर्यंत पोचवते ती. नळी बघ. प्रोसेसरवर एक ठिपका, वाटाण्याएवढा. पोळीला तूप लावतेस तसं फासायचं नाही. आणि हिच्याशिवाय कूलर बसवायचाच नाही, कळलं? आमच्याकडं ही शेवटचीच आहे, जपून.

झालं. ही पिशवी जड आहे, खालून धर. ही हलकी. नाही, रस्त्यापर्यंत नाही येत, गल्ला सोडता येत नाही, तो माणूस मघापासून केबल हातात धरून उभा आहे. — हो साहेब, आलोच! — जा तू. बाबांना... काही नको सांगूस. पायरी बघ, तुटकी आहे.

काय गं? दारात का थांबलीस? रविवारी जोडायला घेणार, बरं, घ्या की. मग?... मी? कशाला? पेस्ट घेऊन येऊ? पेस्ट पिशवीत दिलीय ना मघाशी, तळाशी बघ...

माझ्या खिशात?

तू बघितलंस? मी पिशवीतनं काढून खिशात टाकली ते बघितलंस, आणि सगळं सामान बांधून होईपर्यंत गप्प उभी राहिलीस? — नाही, असू दे, खिशातच असू दे, आणतो रविवारी — पण आई, तेव्हाच का नाही बोललीस?