उठपलंग

खटपट्या : अगं अक्का, झोपायला सांगतोय, मरायला नाही! पंधरा मिनिटं डोळा लागू दे, बस्स!

अक्का : म्हटलं की लागतो होय डोळा? सकाळचे अकरा वाजत आलेत. त्यात तू पलंगाभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरतोयस. आधी खाली बस.

खटपट्या : बसू कसा? आत्ता तो तपासनीस येईल. म्हणेल, झोपलेला माणूस दाखवा, तुमच्या यंत्रानं त्याला उठवून दाखवा, मग नोंदणीचा शिक्का मारतो. शिक्का बसला की कारखान्याच्या चाळीला पाचशे उठपलंग द्यायचेत. पाचशे! आणि घोडं अडलंय कशावर, तर झोपेवर!

अक्का : मग तूच झोप की.

खटपट्या : आठ रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या.

अक्का : मला काय सांगतोस? तीस वर्षं मी लोकांना उठवायचं काम केलं, झोपायचं नाही. पहाटे निघायचं, हातात लांब काठी, टोकाला बूच, एकेका खिडकीच्या काचेवर टकटक...

खटपट्या : झालं! निघाली काठी! अगं, जग कुठे चाललंय! तीन महिने झाले, गल्लीत बेचाळीस उठपलंग आहेत. वेळ झाली की घड्याळ खटका सोडतं, स्प्रिंग उशाकडची बाजू उचलते, माणूस पायांवर उभा! आणि गंमत बघ, पलंग उठतो तेव्हा त्यावर कुणी नसतंच. त्याआधीच सगळे टक्क जागे! याला म्हणतात धाक. जगातलं पहिलं यंत्र आहे, जे चालायच्या आधीच काम उरकतं.

अक्का : तुझी सगळी यंत्रं अशीच. आपोआप मिटणारं दार केलंस, तर मामा तीन दिवस बाथरूममध्ये.

खटपट्या : बाहेर आल्यावर काय म्हणाले? लग्नानंतर इतकी शांतता पहिल्यांदाच मिळाली!

अक्का : आणि आपोआप उघडणारी छत्री?

खटपट्या : तिथं मावशीच्या वजनाचा अंदाज थोडा चुकला. पण उतरली की नाही सुखरूप? नदीपलीकडे का होईना!

अक्का : बरं बाबा, पडते मी. पण तो खटका आधी काढ.

खटपट्या : निघत नाही. तीच तर खुबी! बंद करता आलं तर लोक झोपेत हात लांब करतात, बंद करतात आणि पुन्हा घोरतात. सकाळी चावी दिली, सव्वाअकरा लावले. आता ब्रह्मदेव आला तरी थांबायचं नाही.

अक्का : मग नाही पडत मी.

खटपट्या : का? भरवसा नाही माझ्यावर?

अक्का : दार वाजतंय बघ.

खटपट्या : आला! या, या साहेब!

तपासनीस : शोधक आपणच ना? गाडीत बसायला जागा नव्हती हो. रात्रभर एका पायावर आलोय. जरा टेकू का?

खटपट्या : टेका की! त्यावरच टेका, तेच ते यंत्र. पाय वर घ्या. फाइल ठेवा उशाला. अक्का, चहा टाक!

तपासनीस : चहा नको... बरं वाटतंय हो पाठीला... तुमच्या त्या अर्जावर... अर्जावर...

अक्का : अर्जावर काय, साहेब?

खटपट्या : शू! लागला! देव पावला, अक्का!

(दहा मिनिटांनी. तपासनीस घोरतो आहे.)

अक्का : किती बारका आहे रे हा. दोरीवर वाळत घातलेला सदराच जसा. उठव त्याला.

खटपट्या : वेड लागलंय तुला? असा झोपलेला माणूस मागूनसुद्धा मिळायचा नाही.

अक्का : ही स्प्रिंग तू कुणाच्या वजनावर बेतलीस?

खटपट्या : माझ्याच. दुसरं कोण होतं इथे? मला कसं अलगद उभं केलं सांगू, आई उठवायची ना, तसं.

अक्का : तू एकटा म्हणजे तीन माणसांचा ऐवज. जी स्प्रिंग तुला अलगद उभं करते, ती याचं काय करेल?

खटपट्या : गल्लीत झालं का कुणाला काही?

अक्का : नाही झालं. कारण रोज पहाटे मी जाते.

खटपट्या : कुठे जातेस?

अक्का : काठी घेऊन. तुझ्या पलंगाच्या पाच मिनिटं आधी. टकटक केली की लोक अंथरूण गोळा करून बाजूला होतात. पहिल्या दिवशी शिंप्याच्या पलंगावर मी एक उशी ठेवून बघितली होती. ती उशी अजून सापडायची आहे.

खटपट्या : थापा मारू नकोस. आठ रात्री जागा आहे मी. दिसली असतीस.

अक्का : आठ दिवस मागच्या दारानं जातेय. त्याआधी तू उठायचास नऊला, तेव्हा पुढचं दार चालायचं.

खटपट्या : म्हणजे... तो धाक नव्हे?

अक्का : बेकरीवाल्याला दोनदा टकटक लागते. नर्सबाईकडे एकदाच, नाहीतर तान्हं उठतं. शिंप्याला तर उठून कुठे जायचंच नसतं, दुकान कधीच मुलीला दिलंय. पण खिडकीवर कुणी आलं नाही की त्याला दिवसभर करमत नाही. हे सगळं तुझ्या घड्याळाला कुणी सांगितलंय का?

खटपट्या : आणि हे गल्लीत कुणाकुणाला ठाऊक आहे?

अक्का : तू सोडून सगळ्यांना.

खटपट्या : मग तोंडावर वाहवा का करतात माझी?

अक्का : एवढासा होतास तेव्हापासून बघतायत तुला. कोण तुझं मन मोडणार?

खटपट्या : ...तीन मिनिटं राहिली.

अक्का : उठव त्याला.

खटपट्या : अक्का, एकदा. एकदाच उडू दे. शिक्का बसला की पाचशेच्या पाचशे स्प्रिंगा सैल करतो, तुझी शपथ. आजवर माझ्या कुठल्याच गोष्टीवर कुणी शिक्का मारला नाही गं.

अक्का : शिक्का मारायला त्याचा हात जागेवर राहायला हवा. आणि सैल कुणाच्या मापानं करणार? पाचशे माणसं, पाचशे वजनं. तिथल्या खिडक्यांवर कोण जाणार पाच मिनिटं आधी? माझे गुडघे बेचाळिसातच बोलायला लागतात.

खटपट्या : दोन मिनिटं... झोपलाय कसा बघ. तोंड उघडं, मूठ छातीवर. थेट आपले बाबा.

अक्का : तेच मघापासून बघतेय मी.

खटपट्या : काठी कुठाय?

अक्का : दारामागे. अरे, त्याच्या डोक्यावर नको! काचेवर. दोनदा. थांब थोडा. आता पुन्हा.

तपासनीस : अं? उजाडलं का? उठलो, उठलो...

खटपट्या : साहेब, खाली उतरा! इकडे या! आणखी! भिंतीला चिकटा!

अक्का : आई गं! उडाला पलंग! गेली काच.

तपासनीस : माझी... माझी फाइल होती उशाला.

अक्का : समोरच्या छपरावर आहे. नाही, त्याच्याही पलीकडे गेली.

तपासनीस : म्हणजे यंत्र चालतं.

खटपट्या : चालतं, साहेब. म्हणूनच अर्ज मागे घेतो. त्या चाळीतली माणसं तुमच्याच अंगकाठीची आहेत.

तपासनीस : अर्जही फाइलीतच होता. तुम्हाला घ्यायची गरज नाही, तो स्वतःच मागे गेलाय. पण मला एक सांगा, मला जाग कशानं आली? ते कुठलं यंत्र?

अक्का : यंत्र कसलं? काठी आहे. टोकाला बूच.

तपासनीस : नाही, घरी गजराचं घड्याळ आहे. वीस वर्षं रोज छातीत धडधडतच उठतोय. आज पहिल्यांदा... असो. बाई, उद्या सहाची गाडी आहे माझी. स्टेशनासमोरच्या लॉजवर उतरलोय. पहिला मजला, डावीकडून दुसरी खिडकी. जमेल?

अक्का : लांब पडतं हो स्टेशन. हे गुडघे...

खटपट्या : मी जाईन.

अक्का : तू? आणि तुला कोण उठवणार?

खटपट्या : तू. पण दोनदा वाजव, अक्का. आज झोप लागेल असं वाटतंय.