गूळ विसरलेली पोळी

बापूसाहेब : ह्यात गूळ विसरलास.

सत्यजीत : विसरलो न्हाई, आण्णा. डाळपुरीत गूळ नसतोच. आत हरभऱ्याची डाळ, हळद, जिरं, मीठ. मॉरिशसला अशीच खातात.

बापूसाहेब : म्हंजी सगळं बेटच विसरलं.

सत्यजीत : बिहारच्या मजुरांनी तिकडं नेलेली. शेजारी आफ्रिकेची माणसं, वर फ्रेंच मालक, कोपऱ्यावर चिनी दुकानदार. ज्यानं त्यानं ताटात कायतरी टाकलं. हा टोमॅटोचा रस्सा हाय ना, त्याला रुगाय म्हणतात.

बापूसाहेब : काय गाय?

सत्यजीत : गायीचा संबंध न्हाई.

दगडाबाई : मालक, खाऊन तर बघा. पोरानं सकाळपासनं तीन लाटल्यात.

बापूसाहेब : ताटात एकच हाय.

दगडाबाई : दोन फाटल्या. माझ्या भाकरीच्या टोपल्याखाली दडवल्यात.

सत्यजीत : मावशी, तुम्ही माझ्या बाजूनं बोलताय ना?

दगडाबाई : बाजूनंच.

बापूसाहेब : आरं, पर तू तिथं हॉटेलात शेफ हुतास ना? फोटोत पांढरी टोपी हुती.

सत्यजीत : टोपी सगळ्यांना देतात, जेवणात केस पडू नयेत म्हणून. मी नारळ सोलायचो. डाळपुरी गेटाबाहेरच्या गाडीवर बघून शिकलो. गाडीवाल्या बाईला वाटायचं, इंडियातनं कोणतरी तपासायला आलाय. एकदा तिनं इचारलं, आमची बरोबर हाय का? मी मान हलवली. मला काय म्हाईत? घरी आई लाटायची, मी खायचो.

बापूसाहेब : आपलं ठरलंय ते ध्यानात हाय ना? आवडली, तर आपल्या हॉटेलातला हायवेकडचा तवा तुझा. न्हाईतर सोमवारपासनं कुरकुंभला, कंपनीच्या गेटवर वॉचमन.

सत्यजीत : व्हय. तिथंबी टोपी देतात.

(बापूसाहेब खातात. दुसरा तुकडा रश्श्यात बुडवतात.)

सत्यजीत : वाईट असली तर सांगा. माझी तयारी हाय. मी शिट्टीपण बघून ठेवलीय.

बापूसाहेब : तिखट हाय, आंबट हाय... आन् मागनं गोड येतंय. वेलदोड्याचा वास येतोय. जमलंय की रं!

सत्यजीत : गोड? गोड कुठनं येईल?

दगडाबाई : मी वतलं.

सत्यजीत : काय वतलं?

दगडाबाई : गुळवणी. काल अमावास्या हुती, उरलेलं डब्यात आणलं हुतं. तू कांदा चिरायला वळलास, तवा वतलं. म्हटलं, पुरण बिघडलंय पोराचं, मालकाम्होरं फजिती नको.

सत्यजीत : टोमॅटोच्या रश्श्यात गुळवणी!

दगडाबाई : पोळी लई सुनी दिसत हुती.

सत्यजीत : आण्णा, मग खरंच सांगतो. तुम्ही खाल्लं ते मॉरिशसचं न्हाई. मी शिकलोय ते तुम्ही चाखलंच न्हाई, आन् आवडलं ते मी केलेलं न्हाई.

बापूसाहेब : त्या बेटावर काय, फ्रेंचानं चिन्याला इचारून वतलं हुतं का?

सत्यजीत : न्हाई.

बापूसाहेब : मग? दगडाबाई, उद्या गुळवणी जास्त करा.

दगडाबाई : अमावास्या रोज नसती, मालक.

बापूसाहेब : हॉटेलात असती.

सत्यजीत : म्हंजी तवा मला?

बापूसाहेब : तवा दगडाबाईला. तू कंपनीत फोन कर, म्हणावं, पोरगं कामाला लागलं.

सत्यजीत : कुठं म्हणून इचारलं तर?

बापूसाहेब : सांग, बाईंच्या हाताखाली.

दगडाबाई : ये हिकडं. आधी हात धू.