दिवाणखान्यातली तसबीर

(निपाणी, १९३५ च्या सुमाराची एक सकाळ. तंबाखूचे व्यापारी श्रीपाल यांच्या घराचा पुढचा सोपा. श्रीपाल स्टुलावर चढून एक मोठा फोटो भिंतीला लावताहेत. खाली त्यांची बायको राजमती आणि आई लक्ष्मीबाई.)

राजमती : आणिक जरा वर घ्या. हां, बास.

श्रीपाल : दोन्ही आरशांच्या बरोब्बर मध्ये आला का?

राजमती : आला की. पर अवो, माजाच फोटो कशाला मधी? लाज वाटतीया. तुमचा लावा.

श्रीपाल : इटलीकडं अशीच मांडतात बैठकीची खोली. ते चित्रांचं पुस्तक बघितलंस ना? मधल्या भिंतीवर घरच्या बाईची तसबीर, सोनेरी चौकटीत. खाली संगमरवरी टेबल. डावीकडं जे, तेच उजवीकडं.

लक्ष्मीबाई : आन् माजा झोपाळा गेला अडगळीत. लोड न्हाय, जाजम न्हाय. त्या खुर्चीचं पाय बघ की रं, नुकत्या उठलेल्या वासरावानी वाकडं. बसलं की पळंल ती.

श्रीपाल : आक्का, मुंबईच्या खुर्च्या आहेत. चिकोडी रोड स्टेशनापासनं गाडीत गवत अंथरून आणल्यात.

राजमती : त्यो डाळिंबी रंगाचा मखमलीचा पडदा तेवडा उन्हात टाकते. वखारीचा वास धरलाय त्येनं. पावणं शिंकत बसतील.

श्रीपाल : टाक. तुझ्या हातानं केलेलं नीट होतं.

राजमती : 
सोनियाची चौकट, डावी-उजवीकडं आरसं,
भरताराच्या सोप्यात माज्या नावाचं बारसं...

लक्ष्मीबाई : घ्या. हिला ओव्या सुचाय लागल्या.

राजमती : सुचणारच की, आत्याबाई. पोर न्हाय म्हणून ह्या घरात कुणी माज्याकडं मान वर करून बघितलं न्हाय. आज ह्यांनी मलाच मान वर करून बघायच्या जागी बसवलं. नावाची पितळी पट्टी बी केली खाली. आणिक काय पायजे?

श्रीपाल : आक्का, तो चंदनाचा हार द्या.

लक्ष्मीबाई : ह्यो घे.

राजमती : मामंजींचा फोटो तर माजघरात नेलासा, मग हार कशाला? ... अवो! ध्यान कुठं हाय तुमचं? माज्या फोटोला घालतासा की! काढा, काढा. जित्या मानसाच्या फोटोला हार घालत्यात व्हय? आत्याबाई, सांगा की ह्यांस्नी.

लक्ष्मीबाई : ऱ्हाऊ दे. चांगला दिसतोय.

राजमती : इटलीत घालत असतील. आपल्यात न्हाय घालत.

श्रीपाल : हे इटलीचं नाही. हे आपल्यातलंच आहे.

राजमती : म्हंजी?

श्रीपाल : रविवारी हुबळीचे शेट घर बघायला येणार आहेत. त्यांच्या मुलीचं, कांताचं ठरतंय.

राजमती : कुणासंगं?

लक्ष्मीबाई : येवडं बी तोंडानं सांगाय पायजे?

राजमती : ... मग करा की. मी कुठं आडवी आले? शेजारच्या जयाबाईच्या घरात दोघी सवती नांदत्यात, एका ताटात जेवत्यात. मी तिची वेणी घालीन. तिला पोर झालं तर आंघोळ घालीन.

श्रीपाल : शेट सवतीवर मुलगी देत नाहीत. साफ सांगितलंय.

राजमती : मग?

श्रीपाल : मग आम्ही कळवलं, पहिली वारली.

राजमती : कशानं?

श्रीपाल : काय कशानं?

राजमती : कशानं वारले मी?

श्रीपाल : तापानं.

राजमती : लई हाल झालं माजं?

लक्ष्मीबाई : न्हाय गं. झोपंतच गेलीस. तेवडी दया म्या करायला लावली.

राजमती : रडलं कोण?

श्रीपाल : राजमती, पुरे आता.

राजमती : न्हाय, विचारत्यात पावणं. दोघांचं उत्तर एकच याय पायजे.

श्रीपाल : मी अन्न सोडलं होतं, असं सांगितलंय.

राजमती : सकाळी तीन भाकऱ्या खाल्लासा की. म्याच थापल्या.

लक्ष्मीबाई : तोंड चालवू नगंस. शनिवारी कडोलीला तुज्या भावाकडं जा. लगीन झालं की ये.

राजमती : येऊ? मेल्यालं मानूस कुठनं येतंय?

श्रीपाल : मागच्या खोलीत राहा. लांबची नातेवाईक म्हणून सांगू. सैपाकाला कोणीतरी लागेलच. उपाशी ठेवणार नाही तुला.

लक्ष्मीबाई : नाव तेवडं बदलाय लागंल. राजमती त्या पट्टीवर गेली. तुला अक्काताई म्हणू.

राजमती : आन् ही अक्काताई दुसऱ्याच्या घरात का ऱ्हातीया? हिचा नवरा कुठं हाय, म्हणून इचारलं कांतानं तर?

लक्ष्मीबाई : रांडाव हाय म्हणायचं. त्याबिगर कुणाला पटंल? कडोलीहून येताना कपाळ पुसूनच ये. बांगड्या बी तिथंच ठेव.

श्रीपाल : आक्का, हळू बोला. परशराम दाराशी रंग देतोय.

राजमती : देऊ दे की. चांगला देतोय... अवो, उतरा आता खाली. स्टूल मी धरलंय.

श्रीपाल : रडू नकोस हं. खोली बघ कशी दिसते ती.

राजमती : रडते कुठं? बघतीया की. माज्यापरास ती फोटोतलीच नशिबाची, आत्याबाई. ती अहेव गेली.