माती परत टाकीत

ताई : ही बरणी फारच सुबक झालीय. सातवीतल्या मुलीने केली म्हणालात ना?

बाई : हो ना. हात फार चांगला आहे तिचा. चहा घ्या, ताई, गार होतोय.

ताई : पण हिच्या बुडाला दुकानाचं लेबल आहे.

बाई : अगंबाई.

ताई : बाई, आमची संस्था तीन वर्षं तुमच्या शाळेला मातीकामासाठी पैसे देते. ते पुढे द्यायचे की थांबवायचे, हे माझ्या अहवालावर ठरणार आहे. तुम्ही मुख्याध्यापिका, आणि तुम्ही बाजारातल्या बरण्या मांडून ठेवल्यात?

बाई : चुकलंच माझं. तोंड लपवायला जागा नाही मला. पण दाखवू काय तुम्हाला? त्या माणसाने एक वस्तू शिल्लक ठेवू दिली असेल तर शपथ.

ताई : कुठला माणूस?

शिल्पकार : मी. वहिनी, ह्या बरण्या कुठून आल्या?

बाई : तू गप्प बस. ताई, हा आमचा शिल्पकार. मातीचा तास हाच घेतो. माझा धाकटा दीर लागतो, पण ते आम्ही तुम्हाला पहिल्याच वर्षी सांगितलंय हं, लपवाछपवी नाही.

ताई : मुलांनी केलेलं सगळं कुठे आहे?

शिल्पकार : टाकीत.

ताई : कसल्या टाकीत?

शिल्पकार : वर्गाच्या कोपऱ्यात मातीची टाकी आहे. तास संपला की ज्याने त्याने आपली वस्तू मोडायची आणि माती परत टाकीत टाकायची. पहिल्या दिवसापासून तीच माती वापरतोय.

ताई : म्हणजे आमच्या पैशांचा तीन वर्षांत चिखल झाला.

बाई : ऐकलंस? मी कानीकपाळी ओरडत होते.

शिल्पकार : चिखलच आहे तो. पण ताई, ठेवायचं म्हटलं की मुलं सुबक करायला बघतात. घरी नेऊन शाबासकी मिळेल असं. मोडायचंच आहे म्हटलं की मग निवांत बघायला लागतात. तास चालू आहे, चला.

ताई : मला फोटो लागतील.

शिल्पकार : आधी बघा तर.

(वर्गाच्या दाराशी. तिघंही हळू आवाजात.)

ताई : किती शांत आहेत. दटावून आलात का?

शिल्पकार : नाही. मी असलो काय, नसलो काय.

बाई : माझ्या तासाला हीच मंडळी वर्ग डोक्यावर घेतात.

ताई : तो मुलगा नुसतंच बोट फिरवतोय.

शिल्पकार : आजोबांचा गुडघा करतोय. खुर्चीतून उठताना दिसतो तसा.

ताई : आणि ती खिडकीजवळची? मघापासून माझ्याकडेच बघतेय.

शिल्पकार : ती फक्त कान करते. शाळेतल्या सगळ्यांचे करून झाले. नवीन माणूस आलं की तिची चंगळ.

बाई : माझा केला तेव्हा मी चिडले होते. एवढा मोठा कुठे आहे, म्हटलं. घरी जाऊन आरशात बघितलं. आहे.

ताई : मी आत जाऊन बघू?

शिल्पकार : जा की.

बाई : अरे, त्या तिच्या बाकावरच बसल्या. कपड्यांना माती लागेल.

शिल्पकार : लागू दे.

बाई : उठतच नाहीत. पोरीने काही वेडंवाकडं तर नाही ना केलं? आल्या, आल्या. ताई, काय झालं? पाणी आणू?

ताई : नको. तो कान माझा आहे ना?

शिल्पकार : तुमचाच. दुसरं कोण आलंय आज?

ताई : त्याच्या मागे एक घडी आहे. ती आईची आहे. मी आईची वेणी घालायचे, तेव्हा रोज दिसायची मला. ती गेल्यापासून कुठे दिसली नाही. माझ्याच कानामागे होती, आणि मला पत्ता नाही.

बाई : ताई, बसा बघू जरा.

ताई : अहो बाई, एवढीशी पोर. मी दारात उभी होते, तेवढ्यात कसं दिसलं तिला?

शिल्पकार : मलाही कळत नाही. मी फक्त माती भिजवतो.

बाई : झाली घंटा.

ताई : आता मोडणार ती? तेवढा एक राहू द्या ना.

शिल्पकार : तुम्ही सांगा. पाहुण्यांचं ऐकतात मुलं. फोटो काढायचा तर तोही काढा.

ताई : थांबा. परत एकदा बोट फिरवतेय ती त्याच्यावरून. गेला टाकीत.

बाई : अहो, सांगायचं नाही का?

ताई : तिला पाठ झालाय तो, बाई. तिचा चेहरा बघा ना. मी फोटो काढून काय दाखवणार होते?

बाई : मग अहवालाचं कसं? बरण्यांचं लिहू नका हो, पाया पडते.

ताई : अहवालात हे मावणार नाही. आमच्या अध्यक्षांनाच घेऊन येते. बैठक इथे होईल, ह्या तासाला.

शिल्पकार : येतील ते?

ताई : आणीन मी. निर्णय सगळ्यांचा असतो, त्यामुळे शब्द देत नाही. पण हा तास मी सुखासुखी बंद पडू देणार नाही.

बाई : तेवढं केलंत तरी पुष्कळ आहे, ताई. चला, हात धुवा, चहा पुन्हा गरम करायला सांगते.

ताई : आलेच. त्या टाकीत एकदा हात घालू का?

शिल्पकार : बाह्या वर करा, ताई. खोल आहे.