मामाचे हात खिशात

(असं समजा, की तुम्ही एका मोठ्या दुकानात, भेटवस्तू बांधायच्या टेबलाखाली लपून बसला आहात. वरून आवाज येताहेत: टेबल सांभाळणारा मामा, सुट्टीत त्याच्याबरोबर आलेली आठ वर्षांची भाची भिंगरी, आणि मालकांनी बोलावलेल्या सल्लागार बाई. हलू नका, ऐका.)

मामा : ...तर मालकांना सांगा, दोष माझा नाही. दोन महिन्यांत चार मुली आल्या नि चारही गेल्या. हल्ली कुणाला शिकायचंच नसतं.

बाई : मालक म्हणतात, आज येणारी पाचवीही गेली, तर शिकवायचं काम दुसऱ्याकडे. तुम्ही गोदामात.

मामा : गोदामात! वीस वर्षं फितीची फुलं बांधतोय मी. तिथं काय उंदरांना बांधू?

भिंगरी : बांध ना! एक मला आण, गुलाबी फितीतला.

मामा : तू गप गं. बाई, ती भिंतीवरची पाटी बघा. ‘हसतमुखाने काम करा.’ मागच्या सल्लागारांनी लावली. मुली गेल्याच, फक्त हसतमुखाने गेल्या.

बाई : मी पाटी लावणार नाही. तुम्ही भाचीला फितीचं फूल शिकवा. मी नुसती बघते.

मामा : एवढंच? ये गं. ही फीत अशी दुमड, आता दुसरी... अगं, तशी नाही! दे इकडे. अशी. कळलं?

भिंगरी : हो.

मामा : मग कर. अंगठा कुठे चाललाय तुझा? दे इकडे! हे असं, मग असं, नि झालं. आहे काय त्यात!

भिंगरी : मग तूच कर. मी सरकत्या जिन्यावर जाते.

मामा : बघितलंत? घरच्या पोरीचीही हीच तऱ्हा!

बाई : फूल सुरेख झालं. त्यात भिंगरीने काय केलं?

मामा : तिनं... म्हणजे... ती उभी होती ना.

बाई : चारही मुली अशाच उभ्या होत्या का?

मामा : मग काय करू मी?

बाई : आता हात खिशात घाला आणि पुन्हा शिकवा.

मामा : हात खिशात? मग काय तोंडाने बांधू?

बाई : बांधायचं तिनं. तुम्ही सांगायचं.

मामा : बरं. भिंगरे, ते... हे आपलं... छे! हातांना सगळं येतं हो, तोंडाला एक शब्द सापडत नाही.

भिंगरी : फुलपाखराचे पंख करू का? दोन?

मामा : पंख! हो, पंखच ते! कर. आता एक पंख दुसऱ्यावरून घे. खालच्या फटीतून बाहेर काढ. अगं, उल... नाही, नाही, चालू दे तुझं. ओढ. दोन्हीकडून ओढ!

भिंगरी : झालं! मामा, मी केलं!

मामा : वाकडं आहे.

बाई : मामा, हात!

मामा : खिशातच आहेत हो, नुसते वळवळताहेत. वाकडं आहे, पण घट्ट बसलंय. शाबास गं.

भिंगरी : अजून एक करू? अजून दहा करू?

मामा : मघाशी जिन्यावर पळत होतीस ना?

भिंगरी : मघाशी सगळं तूच करत होतास.

बाई : त्या बघा, नव्या ताई आल्या. मी कोपऱ्यात बसते. आता एक शब्द बोलणार नाही.

नवी ताई : नमस्कार. आधीच सांगते, मला यातलं काही येत नाही.

मामा : येईल. ही फीत घ्या. फुलपाखराचे दोन पंख करा.

नवी ताई : असे?

मामा : असेच. म्हणजे डावा जरासा... अं...

नवी ताई : चुकलं वाटतं. तुम्हीच करता का?

मामा : करू? आणा इक...

भिंगरी : मामा, मला तहान लागलीये. चल ना, हात दे तुझा. दुसरापण दे. ताई, तुम्ही करा तोवर, आम्ही सावकाश येतो.